विहिरीकडचा काठ

धुरपताबाई माझ्या चुलत सासूबाई, आम्ही त्यांना काकू म्हणतो. चाकूरजवळ ओढ्याला लागून त्यांचं रान. दर पावसाळ्यात ओढा काठ खात खात पार विहिरीपाशी आलेला. अजून एखादा पूर, की विहीर गेलीच. काका वारल्यापासून शेत काकूच बघतात. त्यांनी दगड रचून पाहिले, तेही वाहून गेले.

एकदा गवत कापताना त्यांना दिसलं, सगळा काठ ढासळलेला, पण मारवेल गवताच्या ठोंबाखालची माती हललेली नाही. ठोंब ओढला, निघेना. कुदळीनं खणला तर खाली मुळ्यांचा दाट झुपका. मोठं मूळ एकही नाही, नुसत्या सुतासारख्या मुळ्या, अन् प्रत्येकीनं माती धरलेली.

काकू काठाला मारवेल लावायला लागल्या. पहिल्या ठोंबाला हळदकुंकू वाहिलं. त्यांचे धाकटे दीर हणमंतराव हसले, "वैनी, लोक जन्मभर गवत उपटत आले, अन् तुम्ही लावायलात?"

"तुमच्या रानात तर न्हाई ना लावत? हसा निवांत."

उन्हाळ्यात मात्र घोटाळा झाला. पेरणीआधी बांध पेटवून साफ करायची आमच्याकडं रीत. हणमंतरावांनी आपल्या बांधाबरोबर काकूंचा काठही पेटवला. मदतच केली म्हणे, साप-विंचवाचं भ्या नको!

मला वाटलं, काकू आता खचतील. त्या राखेत बसल्या, बोटानं माती उकरली. खाली मुळ्या पांढऱ्या, जित्या.

"शिवकन्ये, वरचंच जळालंय. घागर आण."

मग रोज सांजेला देवापुढं दिवा लावायचा अन् आम्ही दोघींनी पाणी घालायला जायचं. बरेच ठोंब फुटले. ओढ्याच्या वरच्या अंगाचे काही उठलेच नाहीत.

भाद्रपदात ओढा फुगला. पाणी उतरल्यावर पाहिलं, विहीर जागेवर होती. पण ठोंब मेले होते तिथं गाडी जाईल एवढं खिंडार.

"विहीर वाचली, लई झालं. आता बास करा वैनी," हणमंतराव म्हणाले.

काकूंनी चांगल्या जोमदार ठोंबात कुदळ घातली.

"अवो, ज्यानं धरलंय तेच उपटता का?"

"निम्मं काढते, निम्मं ठेवते. खिंडार असंच ठेवलं तर पुढच्या साली तिकडून येईल पाणी. बघत काय राहिलात भावजी, खड्डे काढा. ओल हाय तवर जीव धरंल."