सगळ्या गल्लीचं एकच ईमेल

जुन्या जालन्यात तातेरावचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, त्याला लागून माझं शिलाईचं. त्यामुळं या माणसाची अक्कल मी वीस वर्षं फुकटात बघून राह्यलो. आधी त्यानं रेडिओ उघडले, मंग टेपरेकॉर्डर, मंग एसटीडी बूथ टाकलं. दुरुस्त केलेल्या रेडिओचे दोन-चार स्क्रू उरायचेच. "कंपनीनंच जास्तीचे घातलेत," म्हणायचा. चूक कबूल करणं त्याच्या खानदानात न्हाई.

दोन हजार सातला त्यानं कॉम्प्युटर आणला. नोकरीच्या अर्जात ईमेल लिहायची पद्धत आल्ती, अन् गल्लीत कुणाचंच ईमेल नव्हतं. तातेरावनं एकच खातं उघडलं अन् बावीस जणांना तोच पत्ता दिला. "गल्लीला नळ एकच हाय, पाणी मिळतंय का न्हाई सगळ्यांना?" पत्र आलं की तो स्वतः वाचायचा अन् ज्याचं त्याला दारातून ओरडून सांगायचा. कुणाला त्यात वावगं वाटलं न्हाई, मलाबी न्हाई.

दोन वर्षांनी नेटवाले फोन स्वस्त झाले. जो तो फोनात ईमेल टाकून घ्यायला आला.

त्यात केशरबाई. नर्सिंग शिकलेली, नवऱ्यानं टाकलेली, पदरात एक लेक. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात तिनं अर्ज केल्ता, मुलाखतीचं पत्र ईमेलवर येणार होतं. तिच्या फोनात सारखं 'पासवर्ड चुकीचा' यायचं. तातेरावनं बॅटरी काढून घातली, सिम पुसलं, टावरला शिव्या घातल्या, अन् शेवटी खात्याचा पासवर्डच बदलला. झालं चालू. संध्याकाळी गल्लीतलाच भिवा आला, त्याचा बंद. त्याच्यासाठी आणखी नवा पासवर्ड. सकाळी केशरबाईचा परत बंद. आठ दिवस हेच. अन् हा शहाणा म्हणतो, या खेपेला फोनच बोगस आलेत.

शेवटी मीच म्हणलं, "अरे बाबा, कुलूप एकच अन् तू रोज किल्ली बदलून राह्यला. बाकीच्यांनी दार उघडायचं कसं?"

मंग तातेरावला दुसरंच सुचलं. त्या फोनांचं असं होतं, की पत्र ज्याच्या फोनात आधी उतरलं त्याच्याकडंच राहायचं, खात्यात मागं काही उरायचं न्हाई. केशरबाईचा बंद असला की भिवाचा चालू असायचा, म्हणून त्यानं भिवाला बोलावून फोन तपासला. केशरबाईचं पत्र त्यात चार दिवसांपासून पडून होतं.

"तिला सांगायचं न्हाई का?" मी विचारलं.

"मला वाटलं, तातेरावनं ओरडून सांगितलंच असंल," भिवा म्हणाला.

मुलाखत कालच होऊन गेल्ती. केशरबाई तिथंच दुकानाच्या पायरीवर बसली. मला त्या दोघांच्या कानाखाली एकेक द्यावीशी वाटली.

तातेरावनं पत्रातला नंबर लावला. पलीकडच्या बाईंना म्हणाला, "मॅडम, बाईची चूक न्हाई. मी बावीस जणांना एकच ईमेल दिलं. मला ह्यातलं काही कळत न्हाई. शिक्षा तिला देऊ नका." दोनदा म्हणाला. पलीकडून बऱ्याच वेळानं सोमवार मिळाला, सकाळी अकरा.

केशरबाई उठली, डोळे पुसले. "आता माझं एकटीचं खातं उघडून द्या."

त्यानं लगेच उघडून दिलं. पासवर्डाची जागा आली तसा फोन तिच्या हातात दिला अन् भिंतीकडं तोंड करून उभा राह्यला.