पाहिलंय कुणी?

नोएडातल्या कंपनीत माझं काम म्हणजे वाटेत बिघडलेला संदेश दुरुस्त करायचा. त्यासाठी संगणकात संदेशाचे तुकडे आणि त्यांना तपासणारी समीकरणं एकमेकांना आपापला अंदाज कळवत राहतात, सगळ्यांचं जुळेपर्यंत. पथ्य एकच. ज्याने जे सांगितलं, ते त्यालाच परत सांगायचं नाही. नाहीतर त्याला वाटतं, दुसऱ्या कुणीतरी दुजोरा दिला, आणि चूकच पक्की होते.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. मला शिकवलं बाबांनी, पण त्यांनाच माझं काम कधी नीट सांगता आलं नाही.

या संक्रांतीला ते गावाहून आले होते. दिल्लीतल्या मराठी मंडळींबरोबर आम्ही दोन बसमधून पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला गेलो. परत निघाल्यावर बाबा माझ्या बसमध्ये दिसले नाहीत. त्यांचा फोन माझ्या पिशवीत होता, आणि हिंदी त्यांना येत नाही. मी ग्रुपवर लिहिलं, ‘बाबा मागच्या बसमध्ये असतील.’ लगेच उत्तरं आली: ‘हो, मागेच आहेत’, ‘निवांत रहा’. मी निवांत झालो.

शेजारी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक काका होते. ते म्हणाले, “अरे, पण पाहिलंय कुणी?”

मी मागच्या बसमधल्या एका ताईंना फोन लावला. “आम्ही नाही रे पाहिलं,” त्या म्हणाल्या. “तू लिहिलंस, म्हणून वाटलं तूच बसवून दिलंस त्यांना.”

माझंच वाक्य फिरून माझ्याकडे आलं होतं. काका उठून ड्रायव्हरला म्हणाले, “भैया, गाड़ी घुमा लो.” सगळ्यांनाच घरी पोचायला उशीर होणार होता, पण कुणी कुरकुर केली नाही. एक काकू एवढंच म्हणाल्या, “चला, तिळगुळाचा डबा अजून अर्धा आहे.” त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही.

बाबा स्मारकाजवळ उन्हात पहारेकऱ्याशेजारी संत्रं सोलत बसले होते. मला पाहून म्हणाले, “पानिपतावरून परतताना माणसं मोजून न्यावीत रे.”

बसमधले सगळे हसले. मी त्यांचा हात धरून त्यांना बसमध्ये चढवलं.

वाटेत मी त्यांना म्हणालो, “बाबा, ऑफिसात मी सांभाळतो ते हेच,” आणि सगळं सांगितलं.

ते म्हणाले, “म्हणजे, ‘पाहिलंय कुणी’ असं विचारणारा एक माणूस लागतो.”

“साधारण तसंच.”

“मग साहेबांना या काकांचं नाव सांग,” म्हणत त्यांनी उरलेलं संत्रं काकांच्या हातावर ठेवलं.