सुशीलाताईंना कुणी सांगितलंच नाही

सुशीलाताईंना आम्ही फसवलं.
सगळ्यात आधी मी.

काल त्या गेल्या. हार्ट अटॅक.

बुवापाड्यात आमच्या शेजारी राहायच्या. उल्हासनगर कॅम्प पाचला जीन्स शिवायला जायच्या. शिक्षण सातवी.

गल्लीतल्या बायकांचा आमचा एक ऑनलाइन ग्रुप होता. पाणी कधी येणार, शिलाईचं काम कुठे आहे, कुणाची पोरगी पास झाली. एक दिवस ॲपवाल्या कंपनीने तो बंद केला. कारण नाही, उत्तर नाही.

मी ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणारी, म्हणजे गल्लीतली एक्स्पर्ट. म्हटलं, नवीन जागी जाऊ. ती कुठल्याच एका कंपनीची नाही. वेगवेगळ्या लोकांचे छोटे छोटे सर्व्हर, पण सगळे एकमेकांना जोडलेले.

शिकलेल्या बायका वैतागल्या. "कुठला सर्व्हर निवडू? डोकं फिरलं माझं."

ताई म्हणाल्या, "अगं, सोपंय. आपल्या उल्हासनगरच्या नंबरवाल्या कॅम्पांसारखं. हा चार, तो पाच. राहा कुठेही, उल्हासनगर एकच. नावापुढे फक्त कॅम्प लिहायचा."

मला इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं.

दोन दिवसांत त्या इतरांना शिकवायला लागल्या. माझ्या सांगण्यावरून जुनं अकाउंटही डिलीट केलं.

मग एकेक जण परत गेली. "तिकडे नातेवाईक कुणीच नाहीत गं."
मीही गेले. जुन्या ॲपवर नवीन ग्रुप मीच काढला.

ताईंना सांगायचं राहिलं.
राहिलं कसलं? लाज वाटली म्हणून टाळलं.

त्या तिकडे रोज लिहीत होत्या. एकदा रिक्षा स्टँडवर भेटल्या.
"सगळ्या गप्प का गं? माझं काही चुकलं का?"
"नाही ताई, बिझी आहेत सगळ्या."

पुढच्याच आठवड्यात कुणीतरी त्यांना नवीन ग्रुप दाखवला. ॲडमिन म्हणून माझं नाव.

घरी आल्या. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.
"सांगितलं असतंस तर मीपण परत आले असते. शिकायला मला कुठे जड जातं? मला तिथं एकटीला टाकून गेलात तुम्ही."

ग्रुपमध्ये घेते, असा निरोप पाठवला मी.
"नको."
त्यानंतर माझ्याशी बोलल्या नाहीत.

आज त्यांची मुलगी म्हणाली, "आईच्या तिकडच्या लोकांना कळवशील?"

तिकडचे लोक?

कित्येक महिन्यांनी लॉगिन केलं. ताई लिहीतच होत्या. आमच्यासाठी नाही. नागपूरच्या एक टेलरबाई, कोल्हापूरचे रिटायर्ड मास्तर, बेळगावची एक कॉलेजातली मुलगी. शेवटच्या पोस्टखाली तिघांचे मेसेज. "ताई, कालपासून गप्प? बऱ्या आहात ना?"

मी लिहिलं, ताई गेल्या.

टेलरबाईंनी विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"मैत्रीण" लिहिलं आणि पुसलं.
मग लिहिलं, "शेजारी."

ताई, माफी मागायला मी यायला हवं होतं. दोन घरं सोडून तर राहत होतात.

शेवटचा जय भीम.