सोनीच्या हातातली हिरवी बांगडी

बायको गेली तेव्हापासून मी देवापुढं दिवा लावला नाही. माझं काय, मी म्हातारा, कसाही जगेन. पण माझी नात सोनी, जन्मापासून हातपाय आखडलेले, उजवी मूठ घट्ट. चामोर्शीच्या थेरपीवाल्या बाईंनी माझ्या बायकोला शिकवलं होतं : तेल तळहातावर गरम करा, आधी हात नुसता ठेवा, पोरीचं अंग सैल पडलं की मग चोळा. बायको रोज करायची अन् सोनीची मूठ उघडायची. मी तेच केलं की पोर लाकडासारखी ताठ व्हायची, रडायची. मुलगा-सून मिरची तोडायला तेलंगणात. बाई म्हणायच्या, धीर धरा. इकडं पोरीची नखं तळव्यात रुतायला लागली. आपल्याच्यानं हे होत नाही, असं मनानं घेतलं.

महाशिवरात्रीला तिला खांद्यावर घेऊन मार्कंड्याच्या जत्रेला गेलो. दर्शनाला नाही, खरं सांगतो, महादेवाला चार शब्द सुनवायला. रांगेत सोनी रडायला लागली, म्हणून बाजूच्या बांगड्यांच्या दुकानापाशी टेकलो. दुकानवाली मुसलमान बाई, माझ्याच वयाची.

"बाबाजी, पोरीले बांगडी नाई घालत?"

"मूठच उघडत नाई तिची."

"लग्नाच्या नवरीची बी नाई उघडत, भेवानं. आना इकडं."

तिनं सोनीचा हात मांडीवर घेतला. चोळला नाही, दाबला नाही, नुसता धरून बसली. गिऱ्हाईक खोळंबलं तरी उठली नाही. मग माझा हात ओढून त्यावर ठेवला.

"तुमचाच हात थरथरून राह्यला, बाबाजी. पोरगी त्यालेच भेते. कोनाची आठवन येते?"

"हिच्या आजीची."

"मंग रडून घ्या. पन हात काढू नका."

भर जत्रेत रडलो. किती वेळ, ठाऊक नाही. मग माझ्या हाताखाली सोनीचं एक बोट हललं. मग दुसरं. मूठ उघडली. बाईनं हळूच हिरवी प्लास्टिकची बांगडी चढवली. "काच नको, पोरगी हात आपटन."

नंतर दर्शनाला गेलो. सुनवायचं होतं त्यातलं काही आठवलं नाही, नुसते हात जोडले. थेरपीवाल्या बाईंनी सांगितलेलंच त्या माउलीनं सांगितलं होतं, पण मला ऐकू आलं ते तिथं. तिच्या तोंडून कोण बोललं, ते मी विचारत बसत नाही. उपकार मानतो.

आता सकाळी दिवा लावतो, तेल गरम करतो, हात ठेवतो. मूठ उघडली की सोनी माझं नाक धरून हसते, आजीचं धरायची तसंच. नाही उघडली त्या दिवशी म्हणतो, "राहू दे माय, उद्या पाहू," अन् हात तसाच ठेवून बसतो.