पाळीहून मोरजीला नेलेली सहा वॉल हँगिंग

सुलभाचा फोन आला तेव्हा मी शाळेत कार्यानुभवाच्या तासानंतर उरलेली लोकर डब्यात भरत होते. "ताई, चार दिस येशील? माझ्या एकटीच्यान जमाचा नाय," ती म्हणाली.

सुलभा माझी मावसबहीण. लग्न करून सावंतवाडीहून गोव्यात पाळीला गेली, कारण तिचा नवरा दत्ताराम तिथल्या खाणीवर स्वतःचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या आणि ट्रक दारात उभा राहिला. सुलभा शिवणकाम करायचीच. उरलेल्या चिंध्यांतून ती वॉल हँगिंग बनवू लागली. मोरजीच्या एका गेस्ट हाऊसने तिच्याकडे सहा मागितली होती. फोन ठेवता ठेवता ती हळूच म्हणाली, "हे हल्ली काय बोलनत नाय. घरात कोण इला तर बरा."

शनिवारी सकाळी मी सावंतवाडीहून दोडामार्गमार्गे डिचोलीची एसटी धरली. कुणाला जायचं असेल तर हाच रस्ता सोयीचा, फक्त वळणं खूप आहेत. मळमळ होणाऱ्यांनी पुढे बसावं. डिचोली स्टँडबाहेर भाजी-पाव खाल्ला. पातळ भाजी, वर चिरलेला कांदा, गरम पाव आणि चहा, सगळं मिळून पन्नासाच्या आत. तिथून साखळी आणि मग पाळीची लहान बस.

पूर्वी या रस्त्यावर ट्रकच्या रांगेमागे बस तासभर अडकायची, धुळीने केस लाल व्हायचे आणि मी कुरकुरायचे. या वेळी बस वेळेआधी पोचली. दोन्ही बाजूंना ट्रक उभे होते, काहींच्या आरशांवर वेल चढले होते. गॅरेजला कुलूप, चहाच्या दोन टपऱ्यांना फळ्या लावलेल्या. कंडक्टर म्हणाला, "आता धूळ ना, गिराईकूय ना."

दत्ताराम ओट्यावर बसला होता. "इलंस? बरा केलंस," एवढंच म्हणाला. जेवायला बोलावल्यावर आला, जेवला, पुन्हा जागेवर जाऊन बसला. समोर ट्रक होता, पण तो ट्रककडे बघत नव्हता. कुठेच बघत नव्हता.

दुसरा दिवस कामाचा. सुलभाच्या खोलीत ब्लाउजचे तुकडे, जुन्या साड्यांचे काठ, फुटक्या बांगड्या, करवंट्या आणि मोरजीच्या एका कोळणीने दिलेलं टाकाऊ जाळं होतं. घरी करून बघणाऱ्यांना दोन गोष्टी सांगते: जाळं सोड्याच्या पाण्यात दोनदा भिजवल्याशिवाय वास जात नाही, आणि जरीचे काठ जड असतात, वरच्या बांबूच्या काडीला मधोमध आधार द्यावा लागतो. आमची पहिली काडी वाकली तेव्हा दाराशी आवाज आला, "गाठ चुकता तुमची."

दत्ताराम उभा होता. त्याने दोरी हातात घेतली आणि माल बांधताना मारतात तशी गाठ मारली. काडी सरळ राहिली. सुलभा मान खाली घालून शिवत राहिली.

दुपारी तो ट्रकवर चढला आणि ताडपत्रीचा मोठा तुकडा कापून घेऊन आला. त्याच्या पट्ट्या केल्या, जुन्या दोरात एकीखाली एक ओवल्या. इतक्या वर्षांची खनिजाची धूळ त्या कापडात मुरली होती. वरच्या पट्ट्या फिकट, खालच्या गडद तांबड्या. संध्याकाळपर्यंत त्याने जे केलं ते खाणीत डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापत नेल्यासारखं दिसत होतं. मी पंचवीस वर्षं मुलांना हस्तकला शिकवते. सहांतलं ते सगळ्यांत चांगलं होतं, आणि हे मी त्याला सांगितलं.

"बघू," तो म्हणाला. पण रात्रीच्या जेवणात त्याने भात मागून घेतला.

सोमवारी त्याने शेजाऱ्याची व्हॅन मागून आणली. डिचोली, कोलवाळचा पूल, धारगळ, पार्से. पार्शाला माडांच्या सावलीत चहा आणि उंडे, म्हणजे कडक गोल पाव, घेतले. तो सुलभाला म्हणाला, "ताडपत्री अजून आसा. आणखी धा होतीत." मोरजीचा किनारा मला त्या दिवशी दिसलाच नाही म्हणा ना; कासवांच्या अंड्यांसाठी आखलेलं कुंपण आणि रिकाम्या खुर्च्या तेवढ्या आठवतात.

गेस्ट हाऊसची मालकीण वयस्क आणि सौम्य होती. तिने आम्हाला आधी पाणी दिलं. दत्ताराम व्हॅनपाशीच थांबला होता. पाच हँगिंग तिने भिंतीला लावून बघितली, जाळ्याचं तर फार आवडलं. सहावं भिंतीला टेकवून बघितलं आणि बोटं रुमालाला पुसली.

"हे मळकट वाटतंय. पाहुणे म्हणतील धुतलेलं नाही. याच्याऐवजी शिंपल्यांचं एखादं द्याल?"

"तो मळ नाही," मी म्हणाले. आणि ते परत घेतलं. ती तरी काय चुकीचं बोलत होती? तिच्या पांढऱ्या भिंतीवर तांबडा ओरखडा उठलाच होता.

बाहेर येताना सुलभाने माझं मनगट धरलं. व्हॅनपाशी पोचताच ती नवऱ्याला म्हणाली, "ह्या तुमचा ताईन स्वतःसाठी ठेवल्यान. देऊकच तयार नाय ती." मी हो म्हटलं. त्याने ते माझ्या हातातून घेतलं, जपून गुंडाळलं आणि मागच्या सीटवर ठेवलं. परतीच्या वाटेवर सुलभा एकटीच बोलत होती, पुढच्या ऑर्डरींबद्दल.

घरी येऊन ते मी बाहेरच्या खोलीत लावलं. येणारे विचारतात आणि मी खाणींचं सांगते. दत्तारामचं सांगत नाही. मला वाटत राहिलं की मन राखायला एखाद्या मुलाच्या चित्राला शाबासकी द्यावी तसं मी त्याच्याशी वागले. ते खरोखर चांगलं होतं, आणि माझ्या त्या खोट्या 'हो'मुळे माझं खरं कौतुकही खोटं ठरलं.

पावसाळ्याआधी दत्तारामचा फोन आला. ट्रक भंगारात गेला, तो आता कुडाळला एका गोदामावर राखणीला लागला होता. सुलभाही बिऱ्हाड आवरून तिकडे निघाली होती. ताडपत्रीचं पुन्हा काही केलं नव्हतं.

मी न राहवून म्हणाले, "भावजी, त्या दिवशी मोरजीत..."

"तुझी पिशवी व्हॅनीत रवली होती. ती देऊक मी दारापर्यंत इललंय," तो म्हणाला. "सगळा आयकलंय."

मी भिंतीवरच्या त्या तांबड्या पट्ट्यांकडे बघितलं.

"सुलभेक सांगू नको ताई. माका कळूक नाय असा तिका वाटता. तेवढ्यानच तिका झोप लागता."

मग त्याने सावंतवाडीत पाऊस झाला का ते विचारलं. मी म्हणाले, अजून नाही.