सिनेमात कुवेत नव्हतं

गेल्या हिवाळ्यात आमच्या मेहकरच्या वाचनालयात एक फ्रेंच विनोदी सिनेमा दाखवला. खाली इंग्रजी ओळी येत होत्या. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला, म्हणून पडद्याशेजारी उभं राहून मीच त्या मराठीत सांगाव्यात असं ठरलं.

थोड्याच वेळात मला घाम फुटला. एक ओळ वाचून होईस्तोवर दुसरी येऊन गेलेली असायची. लोक खुर्च्या सरकवू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, बारावीचा पेपर हाय का हा? हसायचं कवा?"

मग मी वाचणंच सोडलं आणि मनचं बोलू लागलो. सिनेमात एक बढाईखोर पाहुणा होता. भर मेजवानीत त्याची पँट उसवते. त्याच्या तोंडी मी घातलं, "कुवेतले होतो तवा शेखाचे कपडे शिवले मी."

लोक हसून लोळले आणि सगळ्यांच्या माना माझ्या मित्राकडे वळल्या. तो शिंपी, तरुणपणी कुवेतला शिवणकाम करून आलेला. वाचनालयात पेपर वाचता वाचता तिथल्या गोष्टी सांगायचा, आणि प्रत्येक गोष्ट 'कुवेतले होतो तवा' अशीच सुरू व्हायची. तोही हसला. मी तिथेच थांबायला हवं होतं. टाळ्या पडत होत्या, म्हणून मी ते वाक्य पुन्हा पुन्हा घातलं.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "सर, खरंच तसं लिहेल होतं काय?"

"हो. फ्रेंच लोकांचं कुवेतशी जुनं नातं आहे."

"हाव का? मले मालूम नव्हतं."

त्याने ते खरं मानलं. कोणी चिडवलं तर माझीच साक्ष काढायचा, "सिनेमातच होतं ते. सरनं फक्त वाचलं." लोक आणखी हसायचे. आधी त्याच्या गोष्टी बंद झाल्या, मग त्याचं येणंच.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पेपर उघडतो, मिटतो. बसस्टँडपर्यंत जातो, उगाच परत येतो. त्याचं दुकान आलं की रस्ता ओलांडतो. परवा ओलांडला नाही. तो शर्टाला काजं करत बसला होता. मी उभ्यानेच सांगून टाकलं, "भाई, सिनेमात कुवेत नव्हतं. मला त्या ओळी वाचायलाच जमत नव्हत्या. तो पाहुणा काय म्हणाला, ते मला अजूनही माहीत नाही."

त्याची सुई थांबली नाही. "मले काऊन सांगून राह्यले? मी तं तुमचं खरं मानलं होतं. हसले ते बाकीचे. त्यायले सांगा."

"सांगतो. तुझं नाव घालून लिहितो."

"नाव कायले? साऱ्यायले मालूम हाय."

म्हणून वाचनालयाच्या अंकासाठी हे लिहिलं. अंक निघाला की तिथे उभं राहून मीच मोठ्याने वाचणार आहे. तो ऐकायला येईल का, हे विचारायचा मात्र धीर झाला नाही.