हुरड्याच्या आगटीपुढची नक्कल
माझ्या सोळा वर्षांच्या लेकीच्या लंगडण्याची मी हुरड्याला जमलेल्या पाहुण्यांसमोर नक्कल केली. अजून आगटीत भाजलेल्या कणसांचा वास आला की तेच आठवतं. तिचे गुडघे कित्येक महिने सुजलेले, बोलणंही आटलेलं. मला वाटलं, हसवलं की खुलेल. सगळे हसले, म्हणून कुणी वन्समोअर न मागताही मी ती पुन्हा केली. ती उठून बांधाकडे गेली. मागोमाग गेलेल्या माझ्या बहिणीला म्हणाली, "आत्या, मला जगावंसंच वाटत न्हाई." बहिणीनं तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हा संधिवात आहे, या वयातही होतो, आणि अंगातली सूज मेंदूवर, मनावरही परिणाम करू शकते. हे नाटक समजू नका. उपचारांनी ती सावरली. परवा हुरडा चोळताना मी विचारलं, "तेव्हा मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुमी नक्कल करीत हुता की, पप्पा."